रिकाम्या खुर्चीमागचा शिपाई

सोमवार, ४ ऑक्टोबर १९५४

पोचले एकदाची केल्डरबीला! लीड्सहून सुटलेली गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, पेटीचा कडीकोयंडा वाटेत तुटला, स्टेशनवर हमाल म्हणून एक माणूस दिसला नाही. तरी आज मला कशाचाच राग येत नाही. एकतीस वर्षं मी आर्मिटेजच्या दुकानात बटणांच्या काउंटरवर उभी होते. जुलैमध्ये दुकान बंद झालं तेव्हा वाटलं, संपलं आता सगळं. आणि बावन्नाव्या वर्षी नवं गाव, नवी नोकरी!

ओल्ड्रॉइडबाईंकडे वरची खोली मिळाली आहे. खिडकीतून कालवा दिसतो. दारावर त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर माझं नाव लिहून लावलंय, ‘मिस म्युरिएल हेपवर्थ’. खालच्या बोळात आरशाशेजारी माझ्या कोटासाठी वेगळी खुंटी आहे, तिच्याखालीही नाव. रात्री जेवायला मटणाचा रस्सा आणि जाड पोळीसारखं पुडिंग. रेशनिंग उठल्यापासून ओल्ड्रॉइडबाईंचा हात सैल सुटलेला दिसतो. मी दोनदा वाढून घेतलं. त्या म्हणाल्या, खा गं बाई, पलटणीच्या नोकरीला अंगात ताकद हवी.

बुधवार, ६ ऑक्टोबर

काम मला आवडलं. जुन्या बराकीत, दगडी बुरुजाच्या पहिल्या मजल्यावर पलटणीचं छोटं संग्रहालय आहे. वर आमची खोली. गावोगावचे लोक आजोबा-पणजोबांचे फोटो पाठवतात, विक्टोरिया राणीच्या काळातले. पुठ्ठ्यावर चिकटवलेला एखादा मिशाळ शिपाई, पाठीवर काहीही लिहिलेलं नाही. हा कुठल्या पलटणीचा, एवढंच त्यांना हवं असतं. पलटण कळली की हजेरीपट बघायचा, आणि हजेरीपटातून नाव.

सगळी भिस्त टोपीवरच्या बिल्ल्यावर. सन अठराशे ऐंशीच्या आधीचा असेल तर बिल्ल्यात पलटणीचा नुसता आकडा. नंतरचा असेल तर परगण्याची खूण, कुठे हरिण, कुठे वाघ, कुठे गुलाब. पण फोटोतला बिल्ला असतो मसुराच्या दाण्याएवढा, आणि शिपाई नेमका हललेला. भिंग घेऊन डोळे फुटायची वेळ येते.

कॅप्टन आइव्हसन इथले प्रमुख. एक पाय इटलीच्या लढाईत अधू झालाय, पण माणूस हसरा. त्यांनी नियम समजावला. ओळख पटली असं वाटलं की फोटोच्या पाठीवर आधी पेन्सिलीने लिहायचं. मग दुसऱ्याने स्वतंत्र बघायचं. दोघांचं जुळलं तरच शाईने नाव आणि खाली दोघांच्या सह्या. एकट्याने शाई लावायची नाही, खुद्द कॅप्टननीही नाही.

दुसरा नियम कोणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. ज्याला नाव लागलेलं नाही त्याचा फोटो खणात पालथा. नाव लागलं की सरळ. हा नियम सग्डेनबाईंचा. म्हणे, बेनाव माणसाकडे टक लावून बघू नये, त्याला उगाच आशा लागते.

सग्डेनबाई माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. ईनिड सग्डेन, वय सत्तर, गुडघे गेलेले, विणकामाची पिशवी कायम बरोबर. एकोणीस वर्षं हे काम करतायत, तेही नुसती हौस म्हणून. मला बघून म्हणाल्या, ‘ये पोरी, बस. पार्किन खातेस का? कालच भाजलंय.’ आल्याचा केक छान होता. पण पोरी? बावन्न वर्षांची घोडी झाले मी!

सोमवार, ११ ऑक्टोबर

खरं लिहायचं तर रोजनिशीतच लिहावं. मला त्या बाईचा राग येतो.

ती भिंग नीट लावतही नाही. फोटो हातात घेते, मान जराशी तिरकी करते आणि म्हणते, ‘पूर्वीची पासष्टावी. वाघ बघ ना, शेपूट वर आहे.’ की झालं! मग फोटोच्या कडेवर बोटाने टकटक करते आणि शिपायाला म्हणते, ‘चल बाळा, घरी.’ कॅप्टन धावत वर येतात, चहा स्वतःच्या हाताने आणून देतात. आज हडर्सफील्डहून एक म्हातारा आला होता. बापाच्या फोटोला नाव लागलं म्हणून तिचे दोन्ही हात धरून रडला. त्या फोटोतला गुलाब मीही ओळखला होता. तिच्याच वेळी! पण ती आधी बोलली, आणि मी तोंड उघडं टाकून बसले. खाली भिंतीवर ओळख पटलेल्यांची पाटी आहे. प्रत्येक नावापुढे ई. स., ई. स., ई. स. मुंग्यांची रांगच.

दुपारी तिने मला विचारलं, ‘पोरी, बटणांतलं मला ओ की ठो कळत नाही. तुझा हात त्यात बसलाय. मला शिकवशील?’ मी म्हटलं, त्यात शिकवण्यासारखं काय आहे, बटण म्हणजे बटण.

एवढी एक गोष्ट माझ्याकडे आहे. तीही हिलाच देऊ?

गुरुवार, १४ ऑक्टोबर

आज पाहुणा बघितला. सगळे त्याला पाहुणाच म्हणतात, कारण संग्रहालय सुरू झालं तेव्हा तो याच गावातून आला आणि अजून त्याचं नाव नाही. फोटो कागदावरचा नाही, पातळ काळ्या पत्र्यावरचा आहे. वर काच, भोवती पितळी चौकट, मागे कागद चिकटवलेला. तळहातात मावतो.

तरुण शिपाई उभा आहे. होडीसारखी टोपी, तिच्या बाजूला बिल्ला. एक हात रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर. त्या काळी फोटो काढताना हलू नये म्हणून असा हात ठेवायला लावत. पण हा आधारासाठी ठेवलेला वाटत नाही. कुणासाठी तरी जागा धरून ठेवल्यासारखा वाटतो. आणि त्याची नजर! आजूबाजूच्या सगळ्यांना मिळालं, मलाच नाही, अशी. ही नजर मी रोज सकाळी आरशात बघते.

बिल्ल्यात आकडा चक्क दिसतो, एक्क्याऐंशी. मी विचारलं, मग अडलंय कुठे? सग्डेनबाई सुया खाली ठेवून म्हणाल्या, ‘दिसतो एक्क्याऐंशीच. पण मला पटत नाही गं. कोटात काहीतरी खुपतंय, काय ते सांगता येत नाही. आणि न पटलेल्याला मी शाई लावत नाही. एकाला चुकीचं नाव लावलं की दोघं बेनाव होतात.’ म्हणजे नाव ज्याचं खरं असतं, त्या बिचाऱ्याचंही जातं, असा अर्थ त्यांनी सांगितला. मग भिंग माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, ‘तू बघ जरा कोटाकडे. तुला कळेल.’

मी भिंग घेतलंच नाही. म्हटलं, माझं डोकं दुखतंय. मी बघायचं आणि नाव हिचं व्हायचं?

संध्याकाळी कॅप्टननी जाहीर केलं की चौदा नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांची आठवण करतात त्या रविवारी, नवं काचेचं कपाट उघडणार. मध्यभागी मानाची जागा, आणि खाली कार्डावर ओळख पटवणाऱ्याचं नाव छापून. पाहुण्याचं नाव तोवर लागलं तर ती जागा त्याची!

मंगळवार, १९ ऑक्टोबर

सग्डेनबाई गुडघ्यामुळे आठवडाभर घरी. देव पावला.

तीन दिवस हजेरीपट उपसले. एक्क्याऐंशीव्या पलटणीत केल्डरबीचा एकच माणूस सापडला, शिपाई जॉब मार्लंड, हातमागवाल्याचा मुलगा, सन एकाहत्तरला भरती. वय जुळतं, गाव जुळतं, आकडा जुळतो. आणखी काय हवं? एकोणीस वर्षं त्या बाईला जे जमलं नाही ते मी तीन दिवसांत केलं.

पण दुसरी सही कोणाची? कॅप्टन कधीच सही करत नाहीत, म्हणतात माझी नजर अधू पायापेक्षा वाईट. सग्डेनबाई परत आल्या की म्हणणार, पटत नाही गं पोरी. आणि चौदा तारीख निघून जाणार.

पाटीवर ई. स. मी इतक्यांदा वाचलंय की डोळे मिटून काढता येईल.

काढली. दुपारी अडीच वाजता, शाईने. ‘शिपाई जॉब मार्लंड, ८१वी पलटण’. खाली माझी सही, शेजारी तिची. मग त्याला उचलून सरळ ठेवला. चल बाळा, घरी, असं म्हणणार होते, पण त्याच्याकडे बघून खण लावून टाकला.

बुधवार, २० ऑक्टोबर

कॅप्टननी माझ्यासाठी चहा आणला! स्वतःच्या हाताने, बशीत दोन बिस्किटं. सग्डेनबाईंची सही घरी जाऊन घेतली, असं मी त्यांना सांगितलं. मानाची जागा पाहुण्याची ठरली. कार्डावर ‘ओळख पटवली : मिस एम. हेपवर्थ’. मी तीन वेळा वाचून दाखवायला लावलं. घरी येताना कालव्याच्या काठाने चक्क गाणं म्हणत आले.

सोमवार, २५ ऑक्टोबर

सग्डेनबाई आल्या. चौकट उलटी करून बघितली, बराच वेळ. कॅप्टन समोरच उभे होते. त्यांना त्या फक्त म्हणाल्या, छान झालं हो.

ते गेल्यावर माझ्या टेबलाशी आल्या. आवाज अगदी खाली. ‘ही सही माझी नाही, पोरी. मी कुणाला बोलले नाही आणि बोलणारही नाही. तूच खोड. मग आपण दोघी मिळून बघू, काय?’

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. क्षमा करते म्हणे! मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा. मी म्हटलं, बघते.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

आज सकाळी खाली बोळात आरशासमोर कोट घालत होते. बटणं लावताना सहज वर बघितलं आणि हात थांबला.

पुरुषांच्या कोटाला बटणं उजव्या अंगाला असतात, बायकांच्या डाव्या. शेंबडं पोरही आमच्या दुकानात हे शिकायचं. आरशातल्या बाईची बटणं उजव्या अंगाला होती. अर्थातच. आरसा उलटं दाखवतो.

पळत बराकीत गेले. पाहुण्याच्या कोटाची बटणं त्याच्या डाव्या अंगाला आहेत. बायकी. म्हणजे तो उलटा आहे. पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उमटतो, छापून सरळ होत नाही. आठ म्हणजे एकावर एक दोन गोल, एक म्हणजे नुसती उभी रेघ; आरशात आठ आठच दिसतो आणि एक एकच, फक्त जागा बदलतात. तो एक्क्याऐंशीचा नाही. अठराचा आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकतीस वर्षं बटणं विकली, आणि बटणंच बघितली नाहीत! तिने भिंग पुढे केलं होतं. ती बिल्ले जाणते, मी बटणं. दोघींनी मिळून अर्ध्या तासात त्याला घरी पोचवला असता.

आता खोडायचं, तर सगळं सांगावं लागेल. कॅप्टनना, तिला. कार्ड छापायला गेलंय.

नाही. कोणाला कळणार आहे?

गुरुवार, २८ ऑक्टोबर

त्यांनी परत विचारलं, ‘खोडलंस का गं?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं. कसं निघालं, देव जाणे. मी म्हटलं, ‘सही तुमचीच आहे, सग्डेनबाई. तुम्ही केलीत आणि विसरलात. वय झालं आता तुमचं.’

त्यांनी सुया खाली ठेवल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. विणकाम उचललं आणि तीन टाके चुकल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? क्षणभर फार बरं वाटलं.

शनिवार, ३० ऑक्टोबर

कपाटात ठेवायला पाहुण्याची काच पुसत होते. खुर्चीच्या पायाशी काहीतरी आहे. आधी वाटलं पत्र्यावरचा डाग. भिंग लावलं. कापडाची कड आहे, गडद लोकरीची, जमिनीवर टेकलेली. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या घोळाची असते तशी. बाई मात्र नाही.

आधीपासून असेल. मीच कुठे नीट बघितलं होतं!

मंगळवार, २ नोव्हेंबर

खुंटीखालचं माझं नाव पुसट झालंय. ओल्ड्रॉइडबाईंना म्हटलं, पुठ्ठा ओलावला वाटतं. त्या म्हणाल्या, कुठला पुठ्ठा? वाचनालयातल्या बाईने माझं कार्ड उलटसुलट करून परत दिलं, यावर काही लिहिलेलंच नाही म्हणाली. खरंच नव्हतं.

पाहुण्याची पाठ बघितली. ई. स. ठसठशीत आहे. शेजारी माझी सही होती तिथे नुसता कागद.

एकाला चुकीचं नाव लावलं की दोघं बेनाव होतात. मी समजत होते की दुसरा म्हणजे मार्लंड.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

कोटाची बटणं लागेनात. बोटं चाचपडतात, काजं सापडत नाहीत. खाली बघितलं. बटणं उजव्या अंगाला आहेत. आरशात नाही, माझ्या अंगावरच्या कोटात. हा कोट मी स्वतः शिवलाय.

घड्याळ उजव्या मनगटावर. डाव्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ होता, तोही उजवीकडे गेलाय. छातीवर हात ठेवून बघितला — नको, ते लिहीत नाही.

फोटोत खुर्चीवर आता मांडी आहे. मांडीवर दोन हात.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

आज शेकोट्यांचा सण, गावभर होळ्या. ओल्ड्रॉइडबाईंनी दारात पार्किन वाटलं, समोरच्यांना, मागच्यांना, वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही. मी हात पुढे करून उभी होते. त्यांची नजर माझ्यावरून गेली, भिंतीवरून जावी तशी.

पाव आणि थंड चहा घेतला. माझाच कप होता, तरी चोरी केल्यासारखं वाटलं.

सोमवार, ८ नोव्हेंबर

कॅप्टन जिन्यात भेटले. अगदी अदबीने म्हणाले, ‘माफ करा बाईसाहेब, संग्रहालय दोन वाजता उघडतं.’ मी म्हटलं, मी इथेच काम करते, समोरचं टेबल माझं. ते हसले. म्हणाले, त्या टेबलावर कधीच कोणी नसतं, आम्ही माणूस शोधतोय.

छापलेलं कार्ड आलंय. ‘ओळख पटवली : मिसेस ई. सग्डेन’.

माझं होतं ते! चोरलेलं असलं तरी माझंच होतं! मी भीतीने रडले की जळफळाटाने, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

पाहुण्याच्या पाठीवरची शाई चाकूने खरवडायचा प्रयत्न केला. कागद फाटत नाही. खाली बघितलं तर या वहीच्या पुठ्ठ्यावरचं माझं नाव खरवडलं गेलंय.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

ठरवलं. सग्डेनबाईंचे पाय धरायचे.

त्या एकट्याच होत्या. वर बघून म्हणाल्या, ‘ये पोरी, बस. कोण गं तू?’ तोच आवाज, तेच हसू. मी सगळं सांगितलं. बटणं, आरसा, अठरा, खोटी सही. शाई खोडा, माझ्यासमोर खोडा, म्हणून गयावया केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चौकट उलटी केली, भिंग लावलं.

आणि म्हणाल्या, ‘पण ही तर माझी सही आहे, पोरी. मीच केली असणार. विसरले. वय झालं आता माझं.’

माझेच शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी म्हटलं, मी आहे, मी — आणि पुढे नाव आलंच नाही. जिभेवर होतं. एकतीस वर्षं दुकानात हाक मारत होते सगळे, ते — त्यांनी माझ्यासाठी चहा ओतायला पाठ केली. परत वळल्या तेव्हा कप घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. हा कुणासाठी ओतला, असं त्या स्वतःलाच विचारत होत्या. मी समोरच होते.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

माझ्या खोलीत दुसरी बाई राहायला आली आहे. शाळामास्तरीण. दारावर तिचं नाव.

फोटो बघायला भिंग लागत नाही आता. खुर्चीतली बाई गळ्यापर्यंत आली आहे. उंच गळ्याचा कोट. बटणं उजवीकडे.

तो हसत नाही. पण खुर्चीच्या पाठीवरचा हात आता पाठीवर नाही — खांद्यावर —

माझा उजवा खांदा सकाळपासून गार पडलाय. की डावा?

शनिवार, बहुतेक

बसले आहे. उठता येत नाही. हलू नका म्हणाला होता कोणीतरी.

मागे रंगवलेला पडदा. समोर काळं. पेन्सील आणि वही कोटाच्या खिशात होती म्हणून — अक्षरं उलटी पडतायत. वाचणाऱ्याने आरसा घ्यावा.

तो बोलत नाही. त्याला बोलायला नावच नाही. कधीतरी हात दाबतो. किती वर्षं वाट बघितली असेल याने? आणि मी जन्मभर म्हणत आले, मलाच काही मिळालं नाही.

रविवार

उजेड. बिगूल वाजला. काचेपलीकडे माणसं, छातीवर युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची लाल कागदी फुलं. कपाट उघडलं. कॅप्टन बोलतायत. सगळे टाळ्या वाजवतायत. तिच्यासाठी.

ती आली. वाकली. भिंगातून डोळा केवढा मोठा —

‘अगंबाई,’ म्हणाली. ‘खुर्चीत बायको आहे की याची! इतकी वर्षं मला दिसलीच कशी नाही?’

मला बघ. सग्डेनबाई, बटणं बघ. त्याचा कोट बायकी, माझा मर्दानी. आंधळ्यालाही कळेल. बघ ना.

बघतेय. थांबली. भिंग माझ्या बटणांवर. मान तिरकी केली — ओळखते ती, मान तिरकी केली की ओळखतेच —

‘कोटात काहीतरी खुपतंय हो कॅप्टन. बटणांतलं कळणारी कुणीतरी होती ना आपल्याकडे? कोण बरं —’

मी. मीच. विचारलं होतंस मला. शिकवते. सगळं शिकवते, आता शिकवते, पुरुषांची उजव्या —

चौकट उलटी केली. अंधार. आवाज येतोय.

‘जाऊ दे. खाली माझीच सही आहे. मी बघितल्याशिवाय केली नसेन. या कॅप्टन, तेवढी दुसरी सही तुम्ही करा आज, नजरेचं सोडा. आणि नुसतं मार्लंड नको. बिचारी एकटी राहील. लिहा, जॉब मार्लंड आणि त्याची —’

टाक दौतीत बुडाल्याचा आवाज. नको. पेन्सिलीने, आधी पेन्सिलीने लिहा, नियम आहे, सग्डेनबाई, ईनिड, मी म्यु

ओलं. पाठीवर काहीतरी ओलं, गार, अक्षर अक्षर करत माझ्या